देवावरचा वाद राहू द्या, घरात कोण कसं जगलं ते सांगा (अनुभव धागा)

नागपूरकरांनो, देव आहे का नाही, धर्म कोणाचा खरा, यावर पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत वाद सुरूच असतात. इथे ते नकोत. तुमच्या घरात एखाद्या तत्त्वावर कोणी खरंच जगलं असेल तर ते लिहा, छोटं असलं तरी चालेल.

इंदोरा:
माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत ज्या लाखोंनी दीक्षा घेतली त्यात तेही होते. २२ प्रतिज्ञांपैकी कोणत्या देवाला मानणार नाही यावरच लोक भांडतात, पण चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही ह्या पण त्यातच आहेत ना, त्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आजोबा आधी प्यायचे. नंतर पगाराच्या दिवशी दोस्त मिलच्या गेटवर थांबले तरी हे सायकलवरून न उतरता सरळ घरी, पगार तसाच्या तसा आजीच्या हातात. आजी म्हणे, धम्म काय असते ते मले त्या दिवशी समजलं.

इतवारी:
आमचं मिरचीचं दुकान. सासरे रोज काट्याला हळदकुंकू लावतात, दीर देव अजिबात मानत नाही, जेवताना दोघांची रोज खडाजंगी. वजन वाढवायला मिरचीवर पाणी मारतात हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. माल आला की सासरे एक मिरची मुठीत दाबून बघतात, कडकन मोडली तर कोरडी, नुसती वाकली तर ओली, माल परत. ते नसले तर दीरही तेच करतो, तसंच मुठीत दाबून. मला तर दोघं एकाच धर्माचे वाटतात.

मेडिकल चौक:
मी नास्तिक, बायको गजानन महाराजांची भक्त. पोरीला दोघांनी मिळून एकच सांगितलं, कोणाच्या हक्काचं खायचं नाही. बाकी तिचं ती ठरवेल.

सक्करदरा:
वाद सोडा हे मला अर्धंच पटते. ज्याला देवळाबाहेर उभं ठेवलं त्याच्यासाठी श्रद्धेचा प्रश्न जगण्याचाच होता नं. गाडगेबाबा पण कीर्तनात विचारायचेच की देवाला बकरं काहून कापता, पण आधी गाव झाडलेलं असायचं म्हणून लोक ऐकत. माझे वडील उमरेडकडे मास्तर होते, बळीविरुद्ध बोलायच्या आधी पोरांना घेऊन विहिरीभोवतालचा गाळ उपसायचे. ज्याच्या दारातली घाण आपण काढली तो निदान बसून ऐकून तरी घेते.

लक्ष्मीनगर:
दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येतात, रात्री रस्त्याच्या कडेलाच झोपतात, बायांचे फार हाल होतात. माझ्या सासूबाई कडक सोवळ्यातल्या, पण त्या दिवसांत अंगणातलं न्हाणीघर बायांसाठी रात्रंदिवस उघडं, बादली, साबण, दाराला आतून नवीन कडी. कोणी काही बोललं तर उत्तरही देत नाहीत, टाकी भरायला उठतात. मागच्या वेळी पाणी पुरलं नाही, यंदा दोन ड्रम जास्त ठेवून राहिलो, जवळपास कोणाकडे रिकामे असतील तर सांगा.