टर्नला आंधळा कॉल नको

पोकरमध्ये फ्लॉपला (टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं) कॉल केला, म्हणजे समोरच्यानं लावले तेवढेच लावले, की टर्नलाही (चौथं पान) करायचाच असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत ओ. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या 2025 च्या कायद्यानंतर आम्ही टिळकवाडीतले चौघं रात्री फुकटच्या चिप्सवरच (पैशांऐवजीची नाणी) खेळायलोय, पण गणित तेच. परवा माझ्याकडं बदामाची सत्ती-अट्ठी, फ्लॉपला दोन बदाम, टर्नला चौकटची दुर्री, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) 100 आणि समोरच्यानं 50 लावले. म्हणजे 50 घालून 200 च्या पॉटसाठी जिंकायची शक्यता 25 टक्के तरी पाहिजे; मला पाच बदाम व्हायला अजून एक लागतो, आणि न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9 म्हणजे साडेएकोणीसच. मग रिव्हरला (शेवटचं पाचवं पान) बदाम लागल्यावर तो अजून साधारण 56 देणार असेल तरच कॉल, नाहीतर पान टाका की! आणि कमी रकमेच्या टेबलावर टर्नला रेझ (लावलेल्यावर अजून वाढवणं) आली तर एका जोडीवर अडून बसू नका, तिथं लोक उगाच रेझ करत नाहीत बघा.