मक्याला घेवड्याचे नत्र नेमके कधी मिळते?

घेवड्याच्या मुळांवरील गाठींमुळे शेजारच्या मक्याला त्याच हंगामात भरपूर नत्र मिळते आणि वेगळे खत द्यावे लागत नाही, या मताशी मी सहमत नाही. गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात हे खरे, परंतु त्यातील बहुतेक नत्र घेवडा स्वतःच्या पानांसाठी व शेंगांसाठीच वापरतो, आणि मक्याची भूक तर गुडघाभर उंचीपासून तुरा येईपर्यंत सर्वाधिक असते, म्हणजे मागाहून पेरलेल्या घेवड्याच्या गाठी जेमतेम कामाला लागलेल्या असताना. शिवाय द्विदल पिकांमध्ये घेवडा या कामी कमकुवतच मानला जातो. त्यामुळे मक्याला कुजलेले शेणखत द्यावे आणि गुडघाभर उंचीला आणखी एक हप्ता द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन.

गाठी काम करीत आहेत की नाही, हे मात्र घरीच पाहता येते. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उचलावे, कारण ओढल्यास गाठी तुटून मातीतच राहतात, आणि मुळे हलकेच धुऊन एक गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी किंवा लालसर दिसली तर जिवाणू कार्यरत आहेत. पांढरी वा हिरवट असेल तर नाहीत. शेंगा संपल्यावर वेल जमिनीलगत कापून मुळे तशीच ठेवावीत आणि वेलांचा पालाही त्याच वाफ्यात मिसळावा, म्हणजे ते कुजून सुटणारे नत्र पुढील पिकाला मिळते.