खाण थांबली, गाळ तिथंच राहिला

युरेनियमची खाण बंद झाली की धोका संपला, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. किर्गिझस्तानातलं मायलू-सू हे खाणीचं गाव बघा. युरेनियमचं खाणकाम १९६८ मध्ये थांबलं, पण धातू काढून उरलेल्या किरणोत्सर्गी गाळाचे २३ साठे अरुंद दरीत, नदीच्या आसपास मागे राहिले. वरचे डोंगर दरडींचे, त्यात पट्टा भूकंपाचा. दरड कोसळून नदी अडली की तुंबलेलं पाणी थेट साठ्यांच्या पायथ्याला भिडू शकतं. १९५८ मध्ये तर एका साठ्याचा बांध फुटून सुमारे ६ लाख घनमीटर गाळ नदीत गेला! हीच नदी पुढे फरगाना खोऱ्यात उतरते, तिथं तिच्या पाण्यावर शेती आहे. नुसतं पाणी तपासून काय होणार? आधी नदीला खेटून असलेले साठे उचलून सुरक्षित जागी न्यायला हवेत.