मधुमेही वडिलांचा नायटा: काळ्या बुरशीची भीती बाळगावी का?

प्रश्न – रामबागकर, इंदूर
माझ्या वडिलांना मधुमेह आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांच्या जांघेत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत खाजरे चट्टे उठले असून, दुकानातून आणलेल्या मलमाने ते दबतात व पुन्हा पसरतात. २०२१ मधील काळ्या बुरशीच्या आठवणीने आई धास्तावली आहे. ही भीती रास्त आहे काय?

उत्तर – औषधविक्रेता
वर्णनावरून हा नायटा वाटतो. त्याची बुरशी त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनावर जगते आणि सहसा खोलवर शिरत नाही. म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळी बुरशी, हा निराळाच आजार होय: तो बहुधा नाक व सायनसमधून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकतो, आणि २०२१ मध्ये तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या किंवा कोविडसाठी स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत आढळला. मलमाच्या वेष्टनावर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन यांसारखे स्टेरॉइड लिहिलेले आहे का, हे मात्र अवश्य पाहावे. स्टेरॉइडने खाज शमते, पण बुरशी फोफावते. स्टेरॉइड व बुरशीनाशक एकत्र असलेली अशी मिश्र मलमे सर्रास मागितली जातात, हे आमच्या धंद्यातले दुखणेच आहे.

उत्तर – स्नेहलतागंज
रक्तातील साखर तपासून घ्यावी. केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनाही बुरशीचा धोका अधिक असतो.

उत्तर – माळव्यातला
काकांचा टॉवेल वेगळा ठेवा, आणि घरात आणखी कोणाला खाज असल्यास त्यालाही त्वचारोगतज्ज्ञांकडे सोबतच न्या. अन्यथा संसर्ग घरातल्या घरात फिरत राहतो.