परीक्षण अहवालातील ‘आक्षेप’, ‘हरकत’ आणि ‘वैशिष्ट्य’: नेमका शब्द कोणता?

विचारणा

फराळाचे पदार्थ आणि मसाले विकणाऱ्या बचत गटांसाठी व्यापारचिन्ह व डिझाइन यांच्या नोंदणीविषयी मराठी माहितीपुस्तिका तयार करीत आहे. अर्जाची स्थिती संकेतस्थळावर कधी ‘ऑब्जेक्टेड’, तर कधी ‘अपोज्ड’ अशी दिसते. मराठी मजकुरात मात्र दोन्हींसाठी ‘हरकत’ हाच शब्द आढळतो. चिन्ह ‘वैशिष्ट्यपूर्ण’ असावे, असेही सर्रास लिहिले जाते. हे दोन्ही प्रयोग तसेच ठेवावेत का?

प्रतिसाद १

दोन्ही बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या जोडीसाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही, कारण आपल्या शासकीय मराठीत हा भेद आधीपासून रुळलेला आहे. लेखापरीक्षक काढतो तो ‘लेखाआक्षेप’, आणि जमिनीच्या व्यवहाराच्या जाहीर नोटिशीत लोकांकडून मागवल्या जातात त्या ‘हरकती’. म्हणजे तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा तो आक्षेप आणि बाहेरच्या माणसाची ती हरकत. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खालील कामकाजही याच दोन टप्प्यांत चालते. परीक्षक कलम ९ (चिन्हातच असलेले दोष) व कलम ११ (आधीच्या चिन्हाशी साम्य) यांच्या आधारे परीक्षण अहवालात आक्षेप नोंदवतो आणि तो अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात त्याला उत्तर द्यायचे असते. अर्ज त्यातून पार पडून नोंदणी कार्यालयाच्या व्यापारचिन्ह नियतकालिकात जाहीर झाला की, पुढील चार महिन्यांत कोणीही त्याला विरोध करू शकतो; त्या विरोधाची सूचना मिळाल्यावर प्रतिनिवेदन (विरोधाला लेखी उत्तर) दाखल करण्यास दोन महिने मिळतात आणि ते केले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. मुदत वेगळी, उत्तर वेगळे, समोरचा पक्षही वेगळा. अशा वेळी दोन्हींना ‘हरकत आली’ म्हटल्यास अर्जदार कोणती मुदत मोजणार? माझ्या मते पहिल्यासाठी ‘आक्षेप’ आणि दुसऱ्यासाठी ‘विरोध’ किंवा ‘हरकत’ असे लिहावे.

‘वैशिष्ट्यपूर्ण’ हा शब्द तर नियमाचा अर्थच उलटा करतो. चकलीचे वैशिष्ट्य काय, असे विचारल्यास कोणीही ‘खुसखुशीतपणा’ म्हणेल. आणि मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा उगमस्थान सांगण्यासाठी व्यापारात वापरता येणारा शब्द, केवळ तेवढ्याचेच चिन्ह असेल, तर कलम ९(१)(ख) नुसार नाकारला जातो. ‘वैशिष्ट्यपूर्ण नाव घ्या’ असे वाचून बचत गट ‘खुसखुशीत चकली’ असे नाव घेऊन अर्ज करील आणि पहिल्याच अहवालात अडकेल. येथे अपेक्षित असते ते एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून ओळखता येण्याचे सामर्थ्य, म्हणून ‘भेददर्शक’ हा शब्द मला अधिक चपखल वाटतो. स्थळनामाचेही तेच. सिगारेटसाठी मागितलेले ‘सिमला’ हे चिन्ह १९७७ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयातही टिकले नाही. अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापराने वर्णनपर शब्दालाही भेददर्शकता येऊ शकते, हा अपवाद पुस्तिकेत जरूर द्यावा. मात्र वापराचा पुरावा अर्जदाराने द्यायचा असतो.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी सहमत आहे. त्याच पुस्तिकेत कलम ११ साठी ‘फसवे साम्य’ असा शब्दप्रयोग करू नये, एवढी भर घालतो. ‘फसवे’ म्हटले की लबाडीचा आरोप ध्वनित होतो. अधिनियमातील या साम्याच्या व्याख्येत मात्र ग्राहकाची फसगत किंवा गोंधळ होण्याची शक्यता पुरेशी धरली आहे, अर्जदाराचा हेतू कसा होता हे पाहणे आवश्यक नाही. ‘गल्लत होण्याजोगे साम्य’ हे थोडे लांबट, पण प्रामाणिक भाषांतर आहे.

या संदर्भात ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांचा वाद शब्दप्रेमींनी अवश्य पाहावा. व्युत्पत्तीने पाहिले, तर एक अमृताची धार आणि दुसरी लक्ष्मणाची. अर्थाचा काही संबंध नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या निकालात म्हटले की, सामान्य ग्राहक नावाची फोड करून अर्थ लावीत बसत नाही, संपूर्ण नावाचा उच्चार आणि घडण यांवरून तो चालतो. म्हणून ही नावे गल्लत होण्याजोगी ठरली. (त्याच निकालात, ‘लक्ष्मणधारा’च्या दीर्घकाळच्या वापराकडे ‘अमृतधारा’वाल्यांनी केलेले दुर्लक्ष लक्षात घेऊन ‘लक्ष्मणधारा’ची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मान्य झाली, हा भाग वेगळा.) आपण येथे समासाचा विग्रह करतो, परीक्षक मात्र नाव कानाने ऐकतो.

विचारणा

दोघांचेही आभार. डिझाइनच्या प्रकरणातही ‘भेददर्शक’ चालेल का? आणि ‘डिझाइन’ऐवजी ‘संकल्पचित्र’ घ्यावे का?

प्रतिसाद १

‘संकल्पचित्र’ हा जुना आणि चांगला शब्द आहे, परंतु सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ‘संकल्पचित्र मंडळा’मुळे वाचकाला पुलाचे आराखडे आठवतील. डिझाइन अधिनियम, २००० मध्ये डिझाइन म्हणजे वस्तूचा आकार, नक्षी, रेषा व रंग यांची केवळ डोळ्यांनी जोखली जाणारी मांडणी. रचनेचे तत्त्व किंवा यांत्रिक करामत त्यात येत नाही. त्यामुळे ‘डिझाइन’च ठेवावे.

येथे ‘भेददर्शक’ मात्र वापरू नये. डिझाइन नवीन किंवा मौलिक असावे लागते, शिवाय आधी ठाऊक असलेल्या डिझाइनांहून ते लक्षणीय प्रमाणात वेगळे ओळखू यावे लागते. ‘नवीन’ची कसोटीही वस्तूला धरून असते. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स या २००८ च्या निकालात काचेच्या तक्त्यांवरील नक्षीची नोंदणी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली; नक्षी उमटवणारे रोलर परदेशी कंपनीचे असले, तरी ती नक्षी काचेवर आधी प्रसिद्ध झाल्याचे सिद्ध झाले नव्हते.

पुस्तिकेत एक वाक्य ठळक अक्षरांत घालावे: नाव अर्जापूर्वी बाजारात वापरलेले असले, तर तो वापर अर्जदाराच्या उपयोगी पडू शकतो, पण बरणीच्या नव्या आकाराचे छायाचित्र अर्जापूर्वी समाजमाध्यमावर टाकले, तर त्या आकाराचे नावीन्यच धोक्यात येते. या कारणाने ‘नवीन’ हा शब्द डिझाइनच्या प्रकरणासाठीच राखून ठेवावा आणि व्यापारचिन्हाच्या प्रकरणातून तो पूर्णपणे काढून टाकावा.