दाण्यातलं जस्त आणि अंगी लागणारं जस्त

मक्याचं जास्त जस्ताचं (झिंकचं) वाण आलं की लोकांच्या आहारातली जस्ताची कमतरता सुटली, असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटतं. ग्वाटेमालात 2018 मध्ये आलेलं आयसीटीए एचबी-18 हे संकरित वाण चांगलंच आहे, पण दाण्यातलं सगळं जस्त अंगी लागत नाही. आड येतं ते फायटिक आम्ल (किंवा फायटेट): ते जस्ताला बांधून ठेवतं आणि पोटात शोषू देत नाही. मक्यात ते बहुतेक सगळं अंकुरात असतं (गहू-तांदळासारखं कोंड्यात नाही), त्यामुळे साल काढून काही साधत नाही.

म्हणून अमेरिकेत व्हिक्टर रेबॉय या शास्त्रज्ञांनी कमी फायटेटचा 'एलपीए' (लो फायटिक ॲसिड) मका शोधला. 2002 च्या एका छोट्या अभ्यासात त्याच्या पोलेंटातून (मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या लापशीतून) सुमारे 30 टक्के जस्त शोषलं गेलं, साध्या मक्यातून 17. मग तो शेतात का दिसत नाही? बियाणं आपला फॉस्फरस फायटेटच्याच रूपात साठवतं. तिथे ढवळाढवळ केली की उगवण आणि उत्पादन दोन्ही मार खातात, आणि असलं बियाणं कोण परत घेणार? 2007 मध्ये एलपीए मक्याशी संबंधित एक जनुक फक्त अंकुरात दाबून ही अडचण बरीच टाळता आली, पण ते जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं बियाणं. मग परवानग्यांचं वेगळंच रामायण.