करंट रेशो १ च्या बराच खाली, म्हणजे ओएनजीसीकडे पैसे नव्हते का?

शिकाऊ_कोल्हापूर:
सीएची आर्टिकलशिप चालू आहे. सरांनी ओएनजीसीचा २०१७-१८ चा ताळेबंद हातात दिला आणि म्हणाले, "मालमत्तेची लिक्विडिटी, म्हणजे तिचे पैसे किती चटकन होतील, कशी आहे ते दोन पानांत लिहून आण." स्टँडअलोन, म्हणजे उपकंपन्या न मिसळता एकट्या ओएनजीसीचे आकडे घेतले. रोख आणि बँक शिल्लक मार्च २०१७ ला साडेनऊ हजार कोटींच्या आसपास होती, वर्षभराने जेमतेम हजार कोटी. करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले वर्षाच्या आतली देणी) १ च्या बराच खाली, क्विक रेशो (त्यातून इन्व्हेंटरी, म्हणजे मालसाठा वजा करून) त्याहून वाईट. पण त्याच वर्षी नफा जवळपास वीस हजार कोटी! सूत्राप्रमाणे कंपनी अडचणीत दिसते आणि मन काही मानत नाही. सुरुवात कुठून करू?

आकडेमोड:
इन्व्हेंटरी वजा कर, भागाकार कर, १ च्या खाली आलं की "असमाधानकारक" लिही. सरकारी कंपनी आहे, बुडत नाही, हेही शेवटी टाक. दोन पानं काय, अर्ध्यात होईल.

उरणकाका:
आकडेमोडराव, अर्ध्या पानात परीक्षा पास होता येईल. पण पोराला काम शिकायचंय.

मी तेल काढणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स अकाउंट्सला होतो, आता निवृत्त. त्यामुळे माझं सगळं बोलणं यार्डाच्या बाजूने येणार, ते समजून घे.

आधी रोख कुठे गेली ते बघ. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने सरकारकडून एचपीसीएल या तेल शुद्ध करून विकणाऱ्या कंपनीचे ५१.११ टक्के शेअर घेतले, ३६,९१५ कोटींना. त्यातले सुमारे पंचवीस हजार कोटी अल्प मुदतीच्या कर्जातून आले. तोवर या कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदात कर्ज नव्हतं. वस्तू घेतली कायमची आणि कर्ज घेतलं वर्षाच्या आतलं, मग रेशो पडणारच. धंद्याला धाप लागली म्हणून तो पडलेला नाही.

आता मालमत्ता. 'चालू' (साधारण वर्षभरात पैसे होणारी) आणि 'बिगर-चालू' हे मथळे क्षणभर झाकून ठेव. प्रत्येक ओळीला विचार: याचे पैसे व्हायला किती दिवस लागतील, किती तूट सोसावी लागेल आणि कोणाची सही लागेल?

येणी घे. कच्चं तेल घेणाऱ्या बहुतेक सरकारी रिफायनऱ्या, गॅस घेणारी मुख्यतः गेल ही सरकारी गॅस कंपनी. महिन्याभरात पैसे येतात. ही जवळपास रोखच धर.

इन्व्हेंटरीत लोकांची गल्लत होते. तेल कंपनीची इन्व्हेंटरी म्हटली की टाक्याच्या टाक्या तेल डोळ्यांसमोर येतं. तेल काढणाऱ्या कंपनीत तेलाचा साठा थोडा असतो, मोठा हिस्सा स्टोअर्स आणि स्पेअर्सचा. आमच्या यार्डात विहिरीत उतरवायच्या, साडेनऊ इंचाच्या वरच्या केसिंग पाइपांच्या रांगा असत, टोकाच्या आट्यांना ग्रीस आणि वर प्लास्टिकच्या टोप्या. पावसाळ्यात खाऱ्या हवेने टोपी निसटली की आटे गंजले, आणि आटे गेले की तो पाइप विहिरीत उतरवत नाहीत. वहीत मात्र तो खरेदीच्या भावाने. लिलावात भंगारवाला यायचा, पाइपाची ग्रेड कधीच विचारायचा नाही. वजनकाटा कुठे आहे एवढंच विचारायचा. म्हणून ताळेबंदाला जोडलेली इन्व्हेंटरीची टीप उघड, तेल किती आणि सामान किती ते वेगळं कर, आणि सामानातलं किती वर्षानुवर्षं हललेलं नाही, त्यावर किती तरतूद केली आहे ते बघ. हे सामान 'चालू मालमत्ता' या नावाखाली बसतं, याचं मला नोकरीभर हसू येत असे.

उलट बाजू बघ. ओएनजीसीकडे इंडियन ऑइल आणि गेलचे शेअर आहेत, आणि ते बिगर-चालूत बसतात. मार्च २०१८ च्या बाजारभावाने त्यांची किंमत पंचवीस हजार कोटींच्या वर जात होती, म्हणजे एचपीसीएलसाठी काढलेल्या कर्जाएवढी. ते विकून कर्ज फेडायची चर्चाही झाली, विकले मात्र नाहीत. एवढा मोठा गठ्ठा एकदम बाजारात आणला तर भाव कोसळतो, आणि सरकारच्या मनात काय आहे तेही बघावं लागतं. तरी गंजक्या पाइपापेक्षा हजारपट बरं.

साइट रिस्टोरेशन फंडाची ओळ सोडू नकोस. स्टेट बँकेत ठेवलेले पैसे आहेत, व्याजही मिळतं, पण ते विहिरी बंद करायला आणि समुद्रातले प्लॅटफॉर्म काढायलाच वापरायचे. पगाराला किंवा कर्जाला त्यातला रुपया मिळत नाही.

राहिली तेलक्षेत्रं. सगळ्यात मोठी रक्कम तिथेच, आणि सगळ्यात सावकाश विकली जाणारी. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीने आपल्या भारतातल्या कंपनीचा मोठा हिस्सा वेदांताला विकायचं ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केलं, व्यवहार पुरा झाला डिसेंबर २०११ ला. राजस्थानच्या क्षेत्रात ओएनजीसी भागीदार, त्यात रॉयल्टीचा वाद, वर सरकारची संमती. गिऱ्हाईक तयार, पैसे तयार, तरी सव्वा वर्षाच्या वर गेलं.

कर्जखात्यातली_ताई:
काकांच्या यादीत बँकेकडून एक भर. कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्यांसकट एकत्र ताळेबंद उघडलास तर त्यात एचपीसीएलची रोखही मिसळलेली असेल. ती ओएनजीसीला थेट उचलता येत नाही, लाभांश जाहीर झाला तरच हिश्शाने मिळते. म्हणून स्टँडअलोन घेतलंस ते बरं केलंस.

आणि एचपीसीएलसारख्या विक्री कंपन्यांना ओएनजीसीचा गज लावू नकोस. पंपवाले बहुधा आधी पैसे भरतात, कच्चं तेल उधारीवर येतं, त्यामुळे रेशो १ च्या खाली असणं तिथे रोजचंच. त्यांची अडचण वेगळ्या जागी होती. २००८ च्या सुमारास अनुदानापोटी सरकार रोखीऐवजी तेलरोखे देत होतं. कागद सरकारी, बुडायची भीती शून्य, पण बँकांना ते एसएलआरमध्ये (कायद्याने ठेवावाच लागणारा सरकारी रोख्यांचा वगैरे साठा) धरता येत नसत, म्हणून विकताना भाव पाडून मागितला जाई. शेवटी रिझर्व्ह बँकेने खास खिडकी उघडली: बँकांमार्फत रोखे घ्यायचे आणि तेल कंपन्यांना डॉलर द्यायचे. सुरक्षित मालमत्तासुद्धा अडकून बसते, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शिकाऊ_कोल्हापूर:
काका, ताई, खूप आभार. परदेशातल्या गुंतवणुकीचं काय करायचं? ओएनजीसी विदेश या परदेशात तेल काढणाऱ्या उपकंपनीची रक्कम मोठी दिसते.

उरणकाका:
देशवार बघ, एकगठ्ठा धरू नकोस. व्हेनेझुएलात सॅन क्रिस्टोबल या तेलक्षेत्रात ४० टक्के हिस्सा, पण लाभांश वर्षानुवर्षं थकलेला. रशियात तर २०२२ नंतर लाभांश जाहीर होऊन तिथल्याच बँकांत पडून राहिला. तुझं वर्ष २०१७-१८, तेव्हा रशियाचं त्यात लिहू नकोस, सर पकडतील.

आणखी एक. न वापरलेली बँक लिमिट ताळेबंदाच्या ओळींत सापडत नाही. लिक्विडिटी रिस्कच्या टिपेत बघ, तिथेच कोणतं देणं कधी येतंय त्याचा तक्ताही असतो. आधी तो वाच, मग रेशो.

शिकाऊ_कोल्हापूर:
टीप सापडली. दोन पानांची चार होणार असं दिसतंय. आकडेमोडराव, तुमचं अर्धं पान सरांना तोंडी सांगतो.